दोघी एकाच घरात

सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

संगणक सुरू केला की आधी ती निळी चौकट येते. चौदा ऑक्टोबरनंतर या विंडोजची देखभाल बंद, असं म्हणते. मी रोज 'नंतर आठवण करा' दाबते आणि कामाला लागते. आज हे मागे उभे होते. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं.

हितेशला उलव्याला फोन लावला. तो म्हणाला, "मम्मी, तो डबा अकरा वर्षांचा झाला. नवीन विंडोज त्याच्यावर चढतच नाही. दिवाळीत नवीन घेऊ ना."

हे म्हणाले, "डबा चालतोय चांगला. फुकटची सिस्टीम मिळते, लिनक्स म्हणतात. ती टाकू."

"माझा फॉन्ट चालेल त्यात?"

"बघतो."

ह्यांचं 'बघतो' मी एकतीस वर्षं ऐकतेय. न्हाणीघरातला नळ मागच्या गणपतीपासून गळतोय, तोही ते बघतायत.

फॉन्टचं मी उगाच विचारलं नाही. अलिबागच्या छापखान्यात आठ वर्षं लग्नपत्रिका जुळवल्या, तेव्हापासून बोटांना तोच फॉन्ट माहीत. त्याच फॉन्टमध्ये येसूबाईचे एक्क्याण्णव धवले आहेत. येसूबाई आमच्या पाड्यातली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं लागायचं, भटजी तिच्यानंतर. सहा वर्षं ती दुपारी येऊन बसायची, सांगायची, मी टाईप करायचे. गेल्या चैत्रात ती गेली. आता ती सगळी गाणी फक्त या डब्यात आहेत.

आणखी एक लिहून ठेवते. हे मे महिन्यात पंचायत समितीतून निवृत्त झाले. तोवर ही खुर्ची माझी होती. आता मी स्वयंपाकघरातून येते तर हे खुर्चीत.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

हे रेवदंड्याला संगणक क्लासमध्ये चौकशी करून आले. साडेनऊला गेले, दीडला आले. रेवदंडा इथून स्कूटरवर दहा मिनिटं.

"क्लासच्या मॅडम फार हुशार आहेत," म्हणाले. नाव विचारलं तर म्हणाले, "प्रणाली." वय विचारलं तर म्हणाले, असेल तिशी-पस्तिशी. माहेर तळा गावचं, नवरा कतारला, इथे भाड्याच्या खोलीत एकटी राहते.

एका भेटीत इतकं. आमच्या नलूची मुलगी कितवीत आहे, हे ह्यांना अजून सांगता येत नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर

नवरात्राच्या हळदीकुंकवाला नलूकडे गेले होते. नलू माझी धाकटी जाऊ, कुंपणापलीकडेच राहते. तिथून तासाभरात परत आले. दारातून पाहिलं तर पडद्यावर रोजचं चित्र नव्हतं. काहीतरी हिरवं होतं, आणि त्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. माझी चाहूल लागताच ह्यांनी मागचं बटण दाबून सगळंच बंद केलं. नीट बंदसुद्धा केलं नाही.

"काय झालं?"

"कुठे काय. उकडतंय."

अंगाला घाम होता हे खरं. पण एक पेनड्राइव्ह घाईघाईने शर्टाच्या खिशात गेला, तोही मी पाहिला. ह्या वयात माणूस काय लपवतो?

संध्याकाळी मी संगणक लावला. निळी चौकट, माझी गाणी, सगळं जागच्या जागी होतं. म्हणजे जे काही होतं, ते त्या पेनड्राइव्हमध्ये गेलं.

शनिवार, २७ सप्टेंबर

तीन दिवस रोज रेवदंडा. निळा शर्ट. तो हितेशच्या साखरपुड्याला घेतला होता, त्यानंतर कपाटातच होता.

नलू कुंपणावरून म्हणाली, "वैनी, भावजींना परत नोकरी लागली का गो?"

"का?"

"न्हाय, टायमावर जातान म्हनून इचारलं. आनि केसांना तेल. माजा गजू म्हनतो, काका हल्ली वासाचा साबन वापरतान."

"उकडतंय म्हणून," मी म्हटलं.

"व्हय," नलू म्हणाली. तिचं 'व्हय' ऐकून मला ह्यांच्यापेक्षा तिचाच जास्त राग आला.

मंगळवार, ३० सप्टेंबर

हे जसं ऐकलं तसं लिहिते, म्हणजे उद्या मलाच वाटायला नको की मी मनाने रचलं.

दुपारी वाडीत पडलेल्या सुपाऱ्या गोळा करत होते. हे विहिरीच्या पलीकडे फोनवर. पाठ माझ्याकडे. ऑफिसात साहेबाशी बोलायचे तसं शुद्ध बोलत होते.

"जुनी आता फार जड झाली हो. सकाळी उठायलाच दहा मिनिटं लावते."

मग ऐकून घेतलं.

"प्रणाली हलकी आहे, चपळ आहे. मला तर पहिल्या दिवशीच आवडली."

मग, "पण दोघींना एकत्र ठेवता येतं ना? मग झालं. राहू देत काही दिवस दोघी. सुरुवातीला विचारेलच, आज कोण हवी म्हणून."

आणि शेवटी, "नाही नाही. बायकोला एवढ्यात नाही सांगणार. तिचा जीव आहे त्यात. मोडून पडेल."

सुपाऱ्यांचं टोपलं तिथेच ठेवून आले. गुडघ्यांमुळे मला सकाळी उठायला वेळ लागतो हे खरं आहे. पण ते बाहेरच्या माणसाला सांगायचं? आणि दोघी एकाच घरात! रोज सकाळी विचारायचं, कोण हवी!

मोडून पडेल म्हणे. बघू कोण मोडतं ते.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

ह्यांनी मला आपट्याची पानं दिली, मी घेतली. मग पिशवीत आणखी पानं घेऊन रेवदंड्याला. परत आले ते तिने दिलेले नाचणीचे लाडू घेऊन.

लाडवांचा डबा मी उघडलाच नाही, तसाच नलूकडे दिला. लाडू चांगले होते, असं नलू म्हणाली.

सोमवार, ६ ऑक्टोबर

निळा शर्ट मी मुद्दाम भिजत ठेवला. हे चौकटीचा घालून गेले. तोही चांगला दिसतो त्यांना, हे आज बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं.

हितेशचा फोन आला. "मम्मी, मग काय ठरलं? नवीन घ्यायचा की पप्पांची फुकटची?"

मी म्हटलं, "पप्पांचं ठरलेलं दिसतंय."

"आणि तुझं?"

माझं कुणी विचारलंच नव्हतं. हितेशने विचारलं तेव्हा म्हटलं, कुकर लागलाय, ठेवते.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

चिंच संपली होती असं नाही, पण चिंच आणायला म्हणून शेअरची विक्रम रिक्षा पकडून रेवदंड्याला गेले. क्लास औषधाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आहे. खाली ह्यांची स्कूटर. जिन्याच्या सात पायऱ्या चढले आणि ह्यांचा आवाज ऐकू आला.

"पयली हलद लावा मांडवाचे खांबाला."

मागोमाग बाईचा आवाज, "पहिली हळद लावा… पुढे, सर?"

"दुसरी हलद लावा नवरीचे हाताला."

येसूबाईची हळद! माझी, मी टाईप केलेली. तिथे कुणीतरी हसलं. ती हसली की दोघंही, ते जिन्यात कळत नव्हतं. मी कठडा धरून उभी होते. मग उतरले.

येसूबाई घरी येऊन गायची तेव्हा हे टीव्हीचा आवाज वाढवायचे. एकदा तिनेच ऐकवलं होतं, "मोरू, तुजे टीवीला पन हलद लावू काय?" आज तेच हे, निळा शर्ट घालून, त्या पोरीसमोर हळदीचा धवला म्हणतायत. लग्नातली गाणी. एकतीस वर्षांत मला एक ओळ म्हणून दाखवली नाही.

सिनेमाला नेलं असतं तर मी इतकी पेटले नसते. हे माझं होतं. माझ्या डब्यातून काढून तिला नेऊन दिलं.

चिंच आणली नाही.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

दुपारी जेवताना हे म्हणाले, "कालवणात मीठ नाही."

"रेवदंड्याला मिळेल."

"मीठ?"

"सगळंच."

हे अळणी कालवण भात संपेपर्यंत जेवले.

रविवार, १२ ऑक्टोबर

आज झालं. शक्य तितकं क्रमाने लिहिते.

सकाळी चहा घेताना हे म्हणाले, "कमळ, परवा चौदा तारीख. त्या नव्याचं तुझ्याशी बोलायचं होतं."

मी म्हटलं, "बोला ना. जुनी जड झालीय. उठायला दहा मिनिटं लावते."

"हो ना," हे म्हणाले, एकदम खूश होऊन. "म्हणजे तुलाही जाणवलं!"

"आणि दोघींना एकत्र ठेवायचं."

"तुला कुणी सांगितलं? मी तेच म्हणत होतो. तुला सवय होईपर्यंत दोघी राहू देत. नाही पटली तर नवी काढून टाकू. पंधरा मिनिटांचं काम."

मी कप खाली ठेवला. "लाज वाटते का तुम्हाला? वय काय तिचं?"

"वय?" हे विचारात पडले. "गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली आहे. पण पाच वर्षं बघायला नको, असं म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"पुण्याचे ते बँकवाले, मी फोनवर बोलतो ते. ज्यांनी प्रणाली मराठीत आणली. त्यांच्या गटात एकही इंग्रजी शब्द चालत नाही. सिस्टीम म्हटलं की दंड म्हणून दहा शब्द भाषांतराला देतात. म्हणून फोनवर मी आपलं प्रणाली, संगणक प्रणाली…"

आणि ते थांबले. माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना कळत होतं ते मला दिसत होतं. आधी भुवया, मग कान लाल झाले.

ते हसले नाहीत. हसले असते तर कप फेकला असता.

"अगं, क्लासच्या मॅडमचं नाव प्रणाली आहे, त्याला मी काय करू?"

मी म्हटलं, "ठीक आहे. नाव तिच्या आईबापांनी ठेवलं. गाणी तिला कुणी नेऊन दिली? गुरुवारी मी जिन्यात उभी होते."

मग खरं बाहेर आलं. नवरात्रात मी नलूकडे असताना ह्यांनी पेनड्राइव्हवरून ती फुकटची सिस्टीम लावून पाहिली आणि माझी फाईल उघडली. सगळी इंग्रजी अक्षरं, चिवडा. ह्यांना वाटलं, येसूबाईची एक्क्याण्णव गाणी आपल्या हाताने पुसली. घाम त्याचा होता. त्याच पेनड्राइव्हवर फाईलची नक्कल घेऊन दुसऱ्या दिवशी पळत रेवदंड्याला. तिने ती कुठेही वाचता येईल अशा नव्या फॉन्टमध्ये आणून दिली, पण अक्षरं जागोजागी तुटलेली. म्हणून हे रोज बसून अंदाजाने ओळी वाचून दाखवायचे आणि ती दुरुस्त करायची.

"गाणी पुसलेली नाहीत," मी म्हटलं. "फॉन्ट नसला की मराठी अशीच दिसते. छापखान्यात पहिल्याच दिवशी शिकवतात. घरात आठ वर्षं छापखान्यात काढलेली बाई आहे. तिला विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं."

"तुला विचारायचं म्हणजे गाणी गेली हे सांगावं लागलं असतं."

मी उठून सुपाऱ्या सोलत बसले. ह्यांनी येऊन न सांगता सोलायची दुसरी आडकित्ती घेतली.

सोमवार, १३ ऑक्टोबर

ती आली. मीच बोलवायला सांगितलं होतं. उंच आहे, साधी आहे, गळ्यात मंगळसूत्र आणि खांद्याला भलीमोठी पिशवी. आल्या आल्या वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काकू, सर तुमच्याबद्दल फार सांगतात."

हे सर आणि मी काकू. आमच्यात चार वर्षांचं अंतर आहे.

तिने फाईल उघडली. सुरेख अक्षर, एक काना तुटलेला नाही. म्हणाली, "काकू, शुद्धलेखनाच्या खूप चुका होत्या, त्या सगळ्या काढल्या."

मी वाचलं. 'पहिली हळद लावा मांडवाच्या खांबाला.' खाली गेले. हलदीची हळद, कालीची काळी, मना होतं तिथे मला, न्हाय होतं तिथे नाही. एक्क्याण्णव गाणी आंघोळ घालून, पावडर लावून बसवली होती. येसूबाई त्यात कुठेच नव्हती.

"ह्या चुका नव्हत्या," मी म्हटलं.

"पण काकू, बरोबर शब्द हळदच ना?"

"तुमच्या तळ्यात असेल. येसूबाईच्या तोंडात ळ नव्हता. मला सुद्धा ती आयुष्यभर कमलच म्हणाली."

ती गोरीमोरी झाली. ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "मी वाचताना हलदच वाचत होतो हो."

"मला वाटलं, सरांचा उच्चार तसा आहे."

मला हसू आलं, पण दाबलं. मग तिने विचारलं, ह्याला चाल कशी आहे, सरांना येत नाही. मी म्हटलं, सरांनी कधी ऐकलीच नाही. आणि हलदीचा धवला म्हटला, पूर्ण, येसूबाई ओढायची तशी प्रत्येक ओळीचा शेवट ओढून. हे उंबऱ्यात उभे होते. टीव्ही बंद होता.

ती जाताना चप्पल घालता घालता म्हणाली, "काकू, माझ्या एखाद्या वस्तूसाठी कुणी भर उन्हात रोज असं आलं नसतं." हे तिने का सांगितलं कळलं नाही. तिचा डोळा पाणावला होता की उन्हाने चमकला, तेही नाही. लाडवांचा रिकामा डबा परत द्यायचा होता. रिकामा कसा द्यायचा, म्हणून त्यात सोललेल्या सुपाऱ्या भरून दिल्या.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

चौदा तारीख आली. संगणक रोजच्यासारखा दहा मिनिटांनी उठला. काहीही झालं नाही.

हे म्हणाले, "तू म्हणशील तसं करू. नवीन हवा तर नवीन. हा असाच ठेवायचा तर असाच. आता मी बघतो म्हणणार नाही."

मी म्हटलं, विचार करू द्या.

सोमवार, २० ऑक्टोबर

हितेश दिवाळीला आला आहे. नव्या संगणकांची चित्रं मोबाइलवर दाखवत होता. मी विचारलं, "माझा फॉन्ट चालेल का यात?" तो म्हणाला, "मम्मी, तो फॉन्ट आता कशातच धड चालत नाही. छापखानावालेही सोडून गेले."

म्हणजे नव्या यंत्राला पैसे घातले तरी गाणी एकदा उचलून नव्या फॉन्टमध्ये न्यावी लागणारच. आणि उचलताना चूक झाली तर कळणार कुणाला? ह्यांना नाही, हितेशला नाही, त्या मुलीला तर नाहीच. हलद की हळद, हे सांगायला एक मी उरले आहे. आणखी दहा वर्षांनी कुणी उचलेल, तेव्हा ते शुद्धच असेल.

मनाशी ठरलं. उद्या सांगते.

शनिवार, २५ ऑक्टोबर

सांगितलं. ह्याच डब्यात फुकटची टाकायची, पण गाणी आधी मी दुरुस्त करणार. शेजारी जुनी फाईल, इकडे नवी. मला खुर्ची, ह्यांना स्टूल. मी जुनी वाचते, हे नवीत बोट ठेवतात.

रोज बारा-तेरा गाणी होतात. हे मध्येच चुकून चालीत म्हणतात. आवाज वाईट आहे. मी सांगत नाही.

ती दोनदा आली. तिने जुन्या टाइपरायटरची मांडणी नव्यात बसवून दिली, एक-दोन अक्षरं सोडली तर बोटं न बघता चालतात. काम झाल्यावर ती ह्यांच्याशी वाडीत उभं राहून बोलत होती. मी खिडकीतून तीनदा पाहिलं. तीनदा का, ते स्वतःला विचारलं नाही.

रविवार, २ नोव्हेंबर, तुळशीचं लग्न

गाण्यांच्या तीन नकला केल्या. एक हितेशकडे, एक कपाटात, एक नलूच्या तांदळाच्या डब्यात. नलू म्हणाली, "वैनी, भातात शिजली तं मना बोलू नको."

मग बसवायला घेतलं. ह्यांनी विचारलं, "जुनी शेजारी राहू द्यायची ना? दोघी?"

"दोघी नकोत," मी म्हटलं. "या घरात एकच."

हे मान खाली घालून म्हणाले, "बरं."

पाऊण तास लागला. मध्ये पडद्याने विचारलं, तुमचं नाव काय. अकरा वर्षं हा संगणक मोरेश्वर या नावाने उघडत होता. हे सवयीने पुढे झुकले, मग मागे झाले. मी टाईप केलं, कमळ. जरा थांबले, एक अक्षर खोडलं आणि कमल केलं.

संध्याकाळी तुळशीपुढे धवला म्हटला. नलू होती, ती होती. हे टाळ्या वाजवत होते, एक चुकवून एक.

बुधवार, ५ नोव्हेंबर

नवी सिस्टीम दोन मिनिटांत उठते. सगळं मराठीत आहे. धारिका, शोधा, जतन करा. ह्यांना दंडात मिळालेले शब्दही त्यात कुठेतरी आहेत म्हणे.

सोमवारी संध्याकाळी काम संपवून मी बंद करायला गेले, तर यादीत सगळ्यात खाली लिहिलेलं दिसलं: 'प्रणाली बंद करा'.

हे मागेच होते. त्यांनी ते वाचलं, मग मला वाचलं. म्हणाले, "पुण्याला कळवतो. 'संगणक बंद करा' असं बदलून देतील."

"काही नको," मी म्हटलं. "राहू दे."

आता रोज दिवेलागणीच्या आधी मी स्वतः खुर्चीत बसते आणि ते बटण दाबते. ह्यांना दाबू देत नाही.